वरच्या अर्ध्याचा माणूस

मधुभाऊ, ड्रॉ आला.

पुण्याच्या टेनिस स्पर्धेचा, पुरुष एकेरीचा, हार्ड कोर्टवरचा, कोण कोणाशी खेळणार त्याचा तक्ता. दर वर्षी येतो तसाच तो फोनवर आला. मी बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात तो मोठ्या कागदावर काढून घेतला आणि घडी न घालता त्याची गुंडाळी केली. घडी तुम्हाला चालत नसे. घडीच्या रेघेवर ज्याचे नाव येते तो पहिल्याच फेरीत मोडतो, असे सांगून तुम्ही मला अनेक वर्षे गुंडाळी करायला लावलीत, आणि मग एके दिवशी स्वतःच ड्रॉच्या चार घड्या घालून तो शर्टाच्या खिशात कोंबलात. मी हादरलो. तुम्ही म्हणालात, "आरं, ती तुजी श्रद्धा व्हती. माजी न्हवती."

ती गुंडाळी घेऊन मी तुंगार्लीचा चढ चढलो आणि तुमच्या दारात उभा राहिलो. कोणी असे समजू नये की तुम्ही आता नाही हे मी विसरलो होतो. तुमच्या जलदान विधीच्या दिवशी अंगणातल्या सतरंज्या मीच अंथरल्या. भंतेजींसाठी खुर्ची मीच आणली. मी पूर्ण शुद्धीत गेलो. इतक्या वर्षांत हा पहिला ड्रॉ असा आहे की जो तुम्ही पाहिलेला नाही, आणि तो तुम्हाला कोणीतरी सांगितला पाहिजे, असे माझ्या मनाने घेतले.

तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टी येथे पुन्हा मांडाव्या लागतील. राग मानू नये. हा मजकूर इतरही वाचतील, आणि अर्ज कितीही कळवळ्याचा असला तरी आधी वस्तुस्थिती मांडावी लागते, हा अर्ज लिहिण्याच्या माझ्या व्यवसायाचा पहिला नियम आहे.

वस्तुस्थिती अशी. तुंगार्लीत एका जुन्या बंगल्याच्या आवारात सिमेंटचे टेनिस कोर्ट आहे. मालक बाहेर असतात, माळी फाटक उघडून देतो. पुण्यातली स्पर्धा सुरू होण्याच्या आधीच्या रविवारी सकाळी त्या कोर्टावर आपण पाचपंचवीस माणसे जमतो. चहा होतो, आणि मग पाडव्याला देवळात पंचांग वाचावे तसा ड्रॉ वाचला जातो. कोण कोणासमोर आले, कोणाची वाट मोकळी, कोणाला सुरुवातीलाच साडेसाती. पंचांगाची उपमा माझी. तुम्हाला ती कधीच मान्य नव्हती. "ग्रहबिरह काडू नको मधी," असे तुम्ही दर वर्षी बजावत होता आणि दर वर्षी मी काढत होतो. या कार्यक्रमाला 'ड्रॉवाचन' हे नाव मात्र मी दिलेले आहे. ते आता रूढ झाले आहे, याचा मला रास्त अभिमान वाटतो.

ड्रॉचे दोन अर्धे असतात. वरच्या अर्ध्यात पहिला मानांकित, खालच्या अर्ध्यात दुसरा. अंतिम सामन्यापर्यंत वरचा माणूस खालच्याला भेटू शकत नाही. वरचा अर्धा तुम्ही वाचायचा आणि खालचा मी, हे कसे ठरले ते मला स्पष्ट आठवते. मी म्हणालो होतो की क्रमाने पाहता लेखनाचा अधिकार ज्याचा, त्याने वरून सुरुवात करावी. तुम्ही म्हणालात, "तू ऱ्हातो कुटं? खाली, रुळाजवळ. मी ऱ्हातो वर, धरणाकडं. वरच्यानं वरचा घ्यावा, खालच्यानं खालचा. झालं." इतका निर्विवाद पुरावा मी कोणत्याही प्रकरणात पाहिलेला नाही. तेव्हापासून दर वर्षी आपल्या दोघांचा अंतिम सामना ठरलेला असे. तुमचा माणूस विरुद्ध माझा माणूस. आधी आपण आपापला माणूस जाहीर करायचा आणि मग समोरच्याने त्याच्या चिंधड्या उडवायच्या, ही रीत.

मी पहिल्या वर्षी केलेला घोटाळा तुम्ही मरेपर्यंत विसरला नाहीत, म्हणून तो मीच येथे नोंदवतो. पहिल्या चार मानांकितांना पहिल्या फेरीत खेळावे लागत नाही. त्यांच्या नावासमोर 'बाय' असे लिहिलेले असते. माझे शाळेचे शिक्षण नववीत थांबले असले तरी वाचनात मी कधी अडखळत नाही. मी खणखणीत आवाजात वाचले, "दुसरा मानांकित विरुद्ध बाय." थोडे पुढे गेलो तर आणखी एक मानांकित विरुद्ध बाय. मी थांबलो. सभेकडे पाहिले आणि म्हणालो की पुरुषांच्या स्पर्धेत ही बाय कोण, आणि तिला दोघांशी एकाच फेरीत खेळवण्याचे कारण काय, याचा खुलासा व्हावा. कोणी हसले नाही. सगळे तुमच्याकडे पाहू लागले. तुम्ही उठलात आणि अत्यंत आदराने सांगितलेत, "सबबराव, ती बाय लय गुणाची हाय. दरसाल येती, कुनाशी भांडत न्हाई, पयल्या फेरीतच गुमान घरी जाती. दोघी माझ्या अर्ध्यातबी हायेत."

मग कोर्ट हसले. चिक्कीच्या दुकानाचे शेठ तर चहाचा पेला सांडेपर्यंत हसले. अजून तुंगार्लीत कोणाचे काम विनासायास झाले की 'बाय मिळाली' म्हणतात, ते त्या दिवसापासून. आणि 'सबबराव' हे माझे नाव त्या आधीपासूनचे. माझ्या अर्जांतला 'सबब' हा शब्द तुम्हाला खुपत असे. "सरळ 'म्हनून' लिव्हायला काय हुतं?" मी सांगत असे की 'म्हणून' हे घरात म्हणतात, कचेरीत 'सबब'च लागते. हा वाद मिटला नाही.

भाऊ, तुम्ही लाइन अंपायर होता, हे वाचकांना सांगितले पाहिजे. सुदुंबऱ्याच्या बाजूला ज्या कारखान्यात तुम्ही सुपरवायझर होता, तिथल्या साहेब लोकांच्या कोर्टावर तुम्ही चेंडू आत की बाहेर हे ओरडू लागलात. तुमचा आवाज एवढा मोठा आणि खात्री एवढी दांडगी की साहेबांनीच तुम्हाला परीक्षेला बसवले. पुण्याच्या स्पर्धेत तुम्ही पांढऱ्या टोपीत, गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून उभे असायचात. चेंडू आत पडला की दोन्ही तळवे जमिनीकडे. बाहेर गेला की एक हात बाजूला ताठ, आणि ती आरोळी. मी वर प्रेक्षकांत बसून शेजारच्याला सांगत असे, "ते आमचे."

एकदा सेट हातचा जाण्याची वेळ होती आणि एका रागीट खेळाडूची सर्व्हिस तुम्ही आउट दिलीत. तो तुमच्यासमोर येऊन उभा राहिला. तुम्ही त्याच्या डोळ्यांत पाहिले नाहीत आणि मान खालीही घातली नाहीत. तुम्ही पुन्हा रेघेकडे पाहू लागलात, जणू तो तिथे नव्हताच. मला वाटले की न्यायदेवतेला डोळ्यांवर पट्टी बांधतात ते चुकते. तिला असे वाकवून उभे केले पाहिजे. परतताना लोकलमध्ये मी विचारले, "भाऊ, खरोखर आउट होता?" तुम्ही म्हणालात, "आता मला काय इचारतो? चेंडू पडला तवा हुता."

मग यंत्र आले. रेघेवर माणसे उभी राहायची बंद झाली आणि कॅमेरे बघू लागले. मला संताप आला. लाइन अंपायरांच्या उपजीविकेवर आणि मानवी विवेकावर झालेला हा आघात आहे, अशा आशयाचा एक सविस्तर अर्ज मी स्वखुशीने तयार केला, तो खिशात घेऊन तुमच्याबरोबर पुण्याला आलो, आणि आपण पहिल्यांदा शेजारी शेजारी प्रेक्षकांत बसलो. कोपऱ्यात एक चेंडू पडला. कोणीही नसलेल्या जागेतून आवाज आला, "आउट." तुम्ही पुढे झुकलात. मला वाटले, आता उठून जातील. तुम्ही टाळी वाजवलीत.

"आयला! पापणी लवली न्हाई बग त्याची."

"भाऊ, तुमची जागा गेली."

"गेली तर गेली. अर्ज कुनाइरुद्ध करतो? बरोबर सांगतंय त्याच्याइरुद्ध?"

थोड्या वेळाने तुम्ही जे म्हणालात ते मी कोणाला सांगितले नव्हते. तुम्ही म्हणालात, "इतकी वर्सं हितं येतोय, पर मॅच बगितली न्हवती रं. नुसती रेघ बगितली. लाइनवाल्यानं वर बगायचंच नसतं. कोन जितलं ते टाळ्यांवरनं कळायचं." आणि मग सामना संपेपर्यंत चेंडू इकडून तिकडे जाताना तुमची मान लहान मुलासारखी फिरत होती. तुमच्या तोंडाकडे पाहून माझा अर्ज मला हलका वाटू लागला. मी तो खिशातून काढलाच नाही. ज्या माणसाचे काम एका यंत्राने घेतले तो माणूस त्या यंत्राने दिलेल्या फुरसतीकडे एवढ्या थक्क चेहऱ्याने पाहतो, हे मी कोणत्या कलमाखाली लिहायचे?

तेव्हा मला तुमचे ड्रॉवाचन कळले. तुम्ही कागदावर बोट ठेवून सांगायचात, "ह्याची सर्व्हिस हिकडनं येनार, त्यो मागं सरनार, मग ह्यो पुढं," आणि आम्हाला तो सामना दिसायचा. आम्हाला वाटायचे की हा माणूस पाहिलेले सांगतो आहे. तुम्ही न पाहिलेले सांगत होता. रेघेवर वाकून उभे असताना डोक्यावरून जे सामने गेले ते तुम्ही कागदावर पाहत होता.

आपला मोठा वाद मात्र वेगळा होता आणि तो आता अर्धवट राहिला. मी तहसील कचेरीच्या बाहेर बसतो. वारसनोंदीसाठी वंशावळी काढतो. वर एक मूळ पुरुष, त्याच्याखाली मुले, त्यांच्याखाली नातवंडे, कागद पुरत नाही. ड्रॉ म्हणजे उलटी वंशावळ, असे मी तुम्हाला एकदा सांगितले. बत्तीस ओळींनी सुरू होते आणि दोन-दोन जुळत शेवटी एकच नाव उरते. तुम्ही त्या ओळींवरून बोट उलटे फिरवून पाहिलेत. ही माझी उपमा तुम्हाला पटली, हे मी विशेषत्वाने नोंदवतो. पण मी पुढे म्हणालो की भाऊ, ते शेवटचे नाव आजच तिथे लिहिलेले आहे, आपल्याला फक्त दिसत नाही. सोडतीत चिठ्ठी कोणाच्या हातून कशी निघाली, त्यामागे विधीचा लेख आहे. तुम्ही उसळलात.

"कुनी लिव्हलंय? दाखव. कोरी ओळ हाय ती. चेंडू पडेपत्तुर काईच नसतं, सबबराव. पडला की एकच असतं. त्याच्या आदी जो म्हनतो मला ठावं हाय, तो खोटं बोलतो."

"मग आपण दर वर्षी काय करतो, भाऊ? खोटे बोलतो?"

"आपन बगतो. बगन्यात आनि लिव्हन्यात फरक हाय."

मी उत्तर तयार करत होतो. माझ्या पद्धतीने, मुद्देसूद. ते तुम्हाला यंदा द्यायचे होते.

असो. ड्रॉ सांगतो.

वरच्या अर्ध्यात, म्हणजे तुमच्यात, पहिला मानांकित तोच, ज्याचे नाव तुम्ही 'डोंगर' ठेवलेत. त्याला बाय आहे. त्याच्या गुडघ्याला यंदा पट्टी दिसते, पण पुण्यात चेंडू पळतो, हवा पातळ, आणि त्याची सर्व्हिस उसळून समोरच्याच्या खांद्यावरून जाते. दुसऱ्या फेरीत त्याच्यासमोर बहुधा 'टोळ' येईल. तो धावतो, उड्या मारतो, मातीच्या कोर्टावर कोणाला ऐकत नाही, पण सिमेंटवर त्याचे पाय घसरत नाहीत आणि घसरल्याशिवाय त्याला खेळता येत नाही. त्याच अर्ध्यात खाली चौथा मानांकित, आपला 'चिकट'. दाताला बसलेल्या चिक्कीसारखा, सुटतच नाही. प्रत्येक चेंडू परत. त्यालाही बाय. आणि त्याच्या वाटेवर, भाऊ, 'मास्तर' आहे. एका हाताने बॅकहँड मारणारा, वय झालेला, यंदा शेवटचा हंगाम खेळतो असे जाहीर करून आलेला. त्याला आयोजकांनी खास प्रवेश दिला आहे. मास्तर जिंकला तर चिकट, चिकट गेला तर डोंगर. वाट अवघड आहे, पण वाट आहे.

खालच्या अर्ध्यात दुसरा मानांकित माझा 'घड्याळ'. मी 'कालमापक' असे नाव सुचवले होते, ते तुम्ही हाणून पाडलेत. तो चुकत नाही, ओरडत नाही, घामही हळूच पुसतो. त्याच्यासमोर उपांत्य फेरीत तो डावखुरा येईल, ज्याचा फोरहँड पाहून तुम्ही गेल्या वर्षी 'बाबौ' म्हणालात. संध्याकाळच्या सामन्यात दव पडले, चेंडू जड झाला, की डावखुऱ्याचा फोरहँडही जड होतो आणि घड्याळ चालतच राहते. माझा माणूस घड्याळ. यात मला शंका नाही.

शंका होती ती वरची. वरचा अर्धा कोणी वाचायचा?

शेठ म्हणाले, तूच दोन्ही वाच. मी म्हणालो, तसे होणार नाही. वरचा अर्धा भाऊंचा आहे. मी वाचेन, पण भाऊंच्या वतीने, त्यांच्या नावाने, त्यांनी ज्याचे नाव घेतले असते त्याचेच नाव घेईन. हे मी सहज म्हणालो, कारण हाच माझा व्यवसाय आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या वतीने मी आयुष्यभर 'मी' असे लिहीत आलो. मी विधवा झालो आहे, मी पेन्शनर झालो आहे, माझ्या बांधावर शेजाऱ्याने कुंपण घातले आहे. खाली त्यांचा अंगठा आणि वर माझा शब्द. कोणी कधी म्हणाले नाही की हा 'मी' आमचा नव्हे.

म्हणून त्या गुंडाळीबरोबर मजकूरही तयार करून मी वहिनींना ऐकवायला गेलो. तुमच्या ओट्यावर बसून वाचले. "मी, वरच्या अर्ध्याचा वाचक, असे विदित करतो की, मास्तर हे जरी वयस्क असले तरी त्यांचा अनुभव दांडगा असून, अखेरच्या हंगामात त्यांना मानाने निरोप मिळणे न्याय्य आहे. सबब मास्तर हेच अंतिम फेरीस पात्र आहेत."

वहिनी तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"भावजी, ह्यात ते सबब म्हनत्यात."

"ते बदलतो."

"आनि म्हाताऱ्याला का घेतील ते?"

"शेवटचा हंगाम आहे. भाऊंना वाटले असते."

"त्यांचं वय झालं व्हतं म्हनून वय झालेल्याला घेतील? म्हातारपनाची कीव त्यांनी स्वताची केली न्हाई, त्या गोऱ्याची करतील व्हय?"

मी घरी आलो. रागावलो होतो, हे मान्य. मग दुसरा मजकूर केला. या वेळी तुमच्याच बोलीत. तुमचे शब्द मला पाठ आहेत, भाऊ, तुमची दमाची जागासुद्धा. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो आणि उभा राहून वाचले, "ह्यो डोंगर बगा. ह्याचा गुडगा दुखतोय, पर सर्व्हिसला गुडगा लागतो किती? सुटला तर सुटला, कुनाच्या बापाला घावत न्हाई."

वहिनी हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत हसल्या. मला वाटले, जमले. मग त्या हसायच्या थांबल्या आणि तांदळाचे सूप बाजूला ठेवले.

"नक्कल लय भारी करता, भावजी. जत्रेत नेऊन कार्यक्रम करा. पर माझ्या दारात करू नका."

मी कागद खाली ठेवला. त्या म्हणाल्या, "राग आला?" मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, "पयल्यात तुमी व्हता. दुसऱ्यात नुसता त्यांचा आवाज व्हता. ते कुटंच न्हवते." चहा घेऊन जा म्हणाल्या. चहा घेतला. फाटकापर्यंत आलो तेव्हा मागून आवाज आला, "रविवारी मी येते."

वहिनी कधी ड्रॉवाचनाला आल्या नव्हत्या, हे तुम्ही जाणता. "तिला इचार, टेनिस म्हंजे काय. सांगंल, चेंडू जाळीत घालवायचा धंदा," असे तुम्हीच म्हणायचात.

तुमच्याविषयी एक गोष्ट मला बोलायची राहिली, ती त्या चढावरून उतरताना मला सापडली. खालचा अर्धा मी घरी बसून वाचतो तेव्हा तो मला तुमच्या आवाजात ऐकू येतो. माझा घड्याळ, माझा डावखुरा, सगळे तुम्ही सांगता. तेच मी कोर्टावर माझ्या शब्दांत मांडत आलो. वाचताना तुम्ही येता, लिहायला बसलो की निघून जाता. असे का होते, हे मला माझ्या कोणत्याही शब्दात मांडता आले नाही, आणि मला शब्दांची उणीव क्वचितच भासते. मी त्या उतारावर थोडा वेळ उभा राहिलो. खाली स्टेशन, वर धरण, मधे मी. एका माणसाच्या बरोबर इतकी वर्षे एकच कागद वाचल्यानंतर त्या माणसाच्या डोक्यात काय होते याचा एक अक्षराचाही पुरावा आपल्याकडे नसतो, हे पाहून मी स्तिमित झालो. घाबरलो नाही. स्तिमित झालो. मी एवढ्या मोठ्या वस्तूच्या शेजारी बसत होतो आणि मला ती चहाच्या टपरीएवढी वाटत होती.

रविवारी कोर्टावर सगळे जमले. शेठ, रिक्षा स्टँडवरचे आपले नेहमीचे, शाळेतले निवृत्त गुरुजी, माळी. तुमची खुर्ची कोणी हलवली नव्हती आणि त्यावर कोणी बसतही नव्हते. वहिनी पांढऱ्या साडीत आल्या आणि थेट त्या खुर्चीवर बसल्या. कोणाला काही वाटायच्या आत त्या म्हणाल्या, "काय बगता? खुर्ची बसायला अस्ती."

मी खालचा अर्धा वाचला. घड्याळ जाहीर केला. रीतीप्रमाणे विरोधाची वाट पाहिली. विरोध करणारा तुमच्या जागी नव्हता. मी कागद वहिनींपुढे धरला.

त्यांनी तो मांडीवर पसरला. डाव्या हाताचे बोट पहिल्या ओळीवर ठेवून त्या सावकाश खाली येऊ लागल्या. डोंगरावरून बोट गेले. टोळावरून गेले. मास्तरवर थांबेल असे सगळ्यांना वाटले, मलाही. ते मास्तरच्या खालच्या ओळीवर थांबले.

"भावजी, हितं नुसतं एक अक्षर हाय. हे काय?"

"क्यू. म्हणजे पात्रता फेरीतून येणारा. मास्तरशी त्याचा पहिला सामना आहे."

"नाव?"

"अजून ठरायचे आहे, वहिनी. पात्रता फेरी चालू आहे. आज उद्यात निकाल लागेल, मग तिथे नाव घालतील."

"म्हंजे आत्ता हितं कुनाचंच नाव लिव्हलेलं न्हाई."

"नाही."

"मग ह्योच," वहिनी म्हणाल्या. "वरनं ह्यो येनार."

गुरुजींनी चष्मा काढला. शेठ म्हणाले, "वहिनी, अहो, ज्याचे नाव नाही तो कसा येणार?" रिक्षावाल्यांपैकी कोणीतरी म्हणाले, "भाऊच बोलले जणू." वहिनींनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो गप्प झाला. "भाऊ बोलले न्हाईत. मी बोलते. ते काय बोलले असते मला ठावं न्हाई, ह्या भावजींनाबी ठावं न्हाई."

रीत अशी की समोरच्याने आता चिंधड्या उडवायच्या. मी उभा राहिलो. हे माझे काम होते आणि मी ते चोख करणार होतो. भाऊ, मी तुम्हाला कधी सोडले नाही, वहिनींनाही सोडणार नव्हतो.

"वहिनी, तो मास्तरला हरवेल?"

"हरवंल."

"पुढे चिकट आहे."

"असू दे."

"त्याच्यापुढे डोंगर. पहिला मानांकित. हे शक्य नाही."

"का न्हाई? सांगा की. सर्व्हिस वाईट हाय ह्याची?"

मी तोंड उघडले. सर्व्हिस वाईट आहे म्हणावे, तर कोणाची? पाय मंद आहेत, कोणाचे? गेल्या वर्षी तो कोणाकडून हरला, हार्ड कोर्टवर त्याचा हिशेब काय, त्याचे वय काय, तो कोणत्या देशाचा? माझे सगळे आक्षेप माझ्या जिभेवर रांगेत उभे होते आणि एकालाही पाय ठेवायला जागा नव्हती. आयुष्यभर मी हरकती लिहिल्या. हरकतीला समोर नाव लागते, हे मला माहीत होते, पण त्याची खोली मला त्या सिमेंटवर उभे असताना कळली. मी त्या एका अक्षराकडे पाहिले. ओळ कोरी होती. तिथे कोणीही येऊ शकत होते. त्या क्षणी पुण्यात कोणी तरी, ज्याला तुंगार्ली ठाऊक नाही, घामाने निथळत, त्या ओळीसाठी खेळत होता, आणि तो कोण ते त्यालाही ठाऊक नव्हते. लेख असता तर तो इथे असायला हवा होता. मी वाकून, अगदी तुमच्यासारखा गुडघ्यांवर हात ठेवून, पाहिले.



"बसा, भावजी," वहिनी म्हणाल्या. "तुमचं घड्याळ आलंय. माझा यायचाय अजून."

मधुभाऊ, मी बसलो.